‘नांगर’ : शेतातला आणि समुद्रातला, शब्द एक की दोन?

मृद्गंध (धागाकर्ता)

मराठीत शेतकऱ्याचा नांगर आणि जहाजाचा नांगर या दोन अगदी वेगळ्या वस्तूंना एकच नाव आहे. त्याहून विशेष म्हणजे क्रियापदही एकच आहे. शेत नांगरतात आणि गलबतही बंदरात नांगरून ठेवतात. दोन्ही वस्तू टोकाने जमिनीत रुततात, म्हणून एका वस्तूचे नाव दुसरीला मिळाले असावे, असे स्पष्टीकरण पुष्कळदा ऐकायला मिळते आणि ते पटण्यासारखेही वाटते. मात्र शेजारच्या भाषांकडे पाहिले की शंका येऊ लागते. हिंदीत शेतात ‘हल’ चालतो आणि जहाज ‘लंगर’ टाकते. गुजरातीतही जमिनीसाठी ‘हळ’ आणि पाण्यासाठी ‘लंगर’ अशी फोड आहे. बंगालीत शेतातला तो ‘लाङल’ आणि नावेचा तो ‘नोङर’. म्हणजे आपल्या आजूबाजूला सगळीकडे दोन वस्तूंना दोन शब्द आहेत.

माझे मत असे आहे की मराठीतही हे मुळात दोनच शब्द होते. शेतातला नांगर संस्कृत ‘लाङ्गल’ या शब्दाचा वंशज आहे आणि जहाजाचा नांगर फारसी ‘लंगर’ या शब्दापासून आलेला आहे. दोघांचा उच्चार मराठीच्या तोंडात घडत घडत एकाच रूपावर येऊन ठेपला. फारसीत ‘लंगर’चा अर्थ जहाजाचा नांगर असा तर आहेच, शिवाय वाटसरूंना अन्न आणि आसरा मिळण्याचे ठिकाण असाही आहे. शीख परंपरेतील ‘लंगर’ हा शब्द याच दुसऱ्या अर्थाने रूढ झाला.

शेतातल्या शब्दाचा मागोवा फार दूरपर्यंत घेता येतो. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलातील ५७ वे सूक्त क्षेत्रपतीला म्हणजे शेताच्या देवतेला उद्देशून आहे आणि त्यात ‘शुनं वाहाः शुनं नरः शुनं कृषतु लाङ्गलम्’ अशी ओळ येते. बैल सुखाने चालोत, माणसे सुखाने राबोत, नांगर सुखाने जमीन कसो, असा तिचा भाव आहे. त्याच सूक्तात ‘सीता’ म्हणजे नांगराने पडलेली रेघ हिला देवता मानून आवाहन केले आहे. पालीत हाच शब्द ‘नङ्गल’ झाला, प्राकृतात ‘लंगल’ आणि ‘णंगल’ अशी दोन्ही रूपे मिळतात आणि मराठीत तो ‘नांगर’ म्हणून स्थिरावला. या प्रवासाविषयी, नांगराच्या भागांच्या नावांविषयी आणि तुमच्या भागात वापरल्या जाणाऱ्या शब्दांविषयी जाणकारांनी लिहावे, अशी विनंती आहे.


औतवाला

विषय फार चांगला काढलात. व्युत्पत्तीबद्दल मी अधिकाराने बोलू शकत नाही. लाकडी नांगर मात्र मी हाताळलेला आहे आणि त्याच्या भागांची नावे आता झपाट्याने विसरली जात आहेत, म्हणून ती येथे लिहून ठेवतो.

नांगराचा मुख्य ठोकळा म्हणजे ‘खोड’. गावचा सुतार ते बहुधा बाभळीचे करत असे, कारण बाभळीचे लाकूड चिवट असते आणि ओल्या जमिनीतही लवकर कुजत नाही. खोडाच्या तोंडाशी लोखंडी ‘फाळ’ बसवलेला असतो. खोडातून पुढे बैलांकडे जाणारा लांब दांडा म्हणजे ‘इसाड’. काही भागांत त्यालाच ‘हळस’ म्हणतात. मागे उभा असतो तो ‘रुमणे’, आणि त्याच्या वरच्या टोकाची मूठ हातात धरून माणूस नांगराच्या मागे चालतो. इसाडाचे पुढचे टोक ‘जू’ला म्हणजे बैलांच्या मानेवरच्या आडव्या लाकडाला बांधले जाते, जुवाच्या दोन्ही बाजूंना ‘शिवळा’ म्हणजे उभ्या खुंट्या घातलेल्या असतात आणि बैलाच्या मानेखालून येणारा पट्टा म्हणजे ‘जोते’.

नांगर खोल लावायचा की उथळ, हे इसाड आणि खोड यांच्यातील कोनावर ठरते. खोडाच्या भोकात इसाड जेथे शिरते तेथे लाकडी पाचर ठोकलेली असते आणि ती थोडी सैल किंवा घट्ट केली की फाळाचे तोंड खाली जाते किंवा वर येते. रुमण्यावर हाताचा भार किती द्यायचा, हे मात्र नांगऱ्याला सरावानेच कळते. भार जास्त झाला की फाळ जमिनीत अडकतो आणि बैल थांबतात. कमी झाला तर फाळ नुसता वरची माती खरवडत जातो आणि तास म्हणजे नांगराच्या रेघा वेडेवाकडे पडतात.

आणखी एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. शहरातील वाचक पुष्कळदा नांगर, वखर आणि कुळव हे एकच समजतात. नांगराने जमीन खोलवर फोडली जाते आणि ढेकळे वर येतात. वखराला किंवा कुळवाला आडवी पास म्हणजे लोखंडी पाते असते. तिने वरचा थर मोकळा होतो आणि तण कापले जाते. काळ्या भारी जमिनीत नांगरट दरवर्षी होतच असे असे नाही. हरळी आणि कुंदा ही तणे माजली की जमीन काही वर्षांनी एकदा खोल नांगरायची आणि उन्हाळ्यात तापू द्यायची, मधल्या वर्षांत वखरावर भागवायचे, अशी पद्धत होती. अशा जमिनीत दोन बैलांचा नांगर चालत नाही; सहा किंवा आठ बैली नांगर जुंपावा लागे आणि त्यासाठी शेजारी आपापले बैल घेऊन एकत्र येत असत.


भाषावेल

औतवाला यांनी दिलेली नावे वाचून फार आनंद झाला, कारण यातील निम्म्याहून अधिक शब्दांची मूळ रूपे संस्कृत कोशांत भेटतात. अमरकोशात ‘ईषा लाङ्गलदण्डः स्यात् सीता लाङ्गलपद्धतिः’ अशी ओळ आहे. ईषा म्हणजे नांगराचा दांडा. आपल्या ‘इसाड’ या शब्दातील ‘इस’ ती हीच. ‘हळस’ हा शब्द ‘हल’ आणि ‘ईषा’ मिळून झालेल्या ‘हलीषा’चा वंशज आहे. म्हणजे मराठीने ‘हल’ हा शब्द रोजच्या बोलण्यातून जवळजवळ सोडून दिला, तरी नांगराच्या दांड्याच्या नावात तो टिकून राहिला. ‘फाल’चा ‘फाळ’ झाला, ‘युग’चे ‘जू’ झाले आणि ‘योक्त्र’चे ‘जोते’.

हे सगळे शब्द एकत्र पाहायचे असतील तर पालीतील सुत्तनिपात या बौद्ध ग्रंथामधील कसिभारद्वाज सुत्त पाहावे. पेरणीच्या दिवसांत एका ब्राह्मणाचे ५०० नांगर जुंपलेले आहेत आणि भिक्षेसाठी आलेल्या बुद्धाला तो म्हणतो की मी नांगरतो, पेरतो आणि मग खातो, तूही तसेच कर. तेव्हा बुद्ध उत्तर देतो की मीही शेतकरीच आहे: ‘सद्धा बीजं तपो वुट्ठि, पञ्ञा मे युगनङ्गलं, हिरी ईसा मनो योत्तं, सति मे फालपाचनं’. श्रद्धा हे बी, तप हा पाऊस, प्रज्ञा हे माझे जू आणि नांगर, लज्जा ही ईषा, मन हे जोते, आणि स्मृती हा माझा फाळ आणि बैल हाकण्याची काठी. युग, नङ्गल, ईसा, योत्त, फाल हे पाचही शब्द औतवाला यांच्या यादीत जू, नांगर, इसाड, जोते आणि फाळ या रूपांत आलेले आहेत. एखाद्या अवजाराची एवढी नावे एवढ्या काळानंतर एकत्र टिकून राहावीत, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आता आरंभीच्या ‘ल’चा ‘न’ कसा झाला याविषयी. असा बदल या एकाच शब्दात झालेला नाही. ‘ललाट’चे प्राकृतात ‘णिडाल’ झाले आणि मराठीत ‘निढळ’. निढळाच्या घामाची भाकरी आपण म्हणतो त्यातील निढळ म्हणजे कपाळ. उलट दिशेनेही हीच अदलाबदल होते: ‘नवनीत’चे ‘लोणी’ झाले आणि ‘निंब’चा ‘लिंब’. शब्दाच्या आरंभी ल आणि न यांची अशी ये-जा असल्यामुळे ‘लाङ्गल’चे ‘नांगर’ आणि ‘लंगर’चेही ‘नांगर’ होण्यात ध्वनीच्या दृष्टीने काहीच अडचण नाही. बंगालीतील ‘नोङर’ हा त्याचा चांगला पुरावा आहे, कारण तोही फारसी ‘लंगर’पासूनच आलेला आहे आणि त्यातही ल जाऊन न आलेला आहे.


खाडीकाठ

भाषावेल यांचे विवेचन आवडले, परंतु एक प्रश्न उरतो. ‘फाल’चा ‘फाळ’ होतो, ‘मूल’चे ‘मूळ’ होते, ‘काल’चा ‘काळ’ होतो. या नियमाने ‘लाङ्गल’चा मराठीत ‘नांगळ’ व्हायला हवा होता. शेवटी ‘र’ कोठून आला? फारसी ‘लंगर’मध्ये तो ‘र’ आधीपासूनच आहे. मग असे तर झाले नसेल की किनाऱ्यावर जहाजाचा ‘नांगर’ आधी रूढ झाला आणि त्याच्या प्रभावाने शेतातल्या ‘नांगळ’चाही ‘नांगर’ झाला?

आमच्या कोकणात शेतीच्या बोलण्यात ‘जोत’ हाच शब्द अधिक ऐकू येतो. ‘जोत धरले’ म्हणजे नांगरणी सुरू केली. भाषावेल यांनी सांगितलेल्या ‘योक्त्र’शी त्याचा संबंध लागतो, हे वाचून समाधान वाटले. मूळ अर्थ पट्टा, त्यावरून जुंपलेली बैलजोडी आणि त्यावरून नांगरणीचे काम, असा त्याचा अर्थ वाढत गेला असावा.


भाषावेल

खाडीकाठ, प्रश्न नेमका आहे आणि या धाग्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे, असे मला वाटते. छत्तीसगढीत शेतातल्या अवजाराला ‘नांगर’च म्हणतात. छत्तीसगढला समुद्र नाही आणि जहाजाच्या नांगराने तेथील शेतकऱ्याच्या शब्दावर परिणाम करण्याचे काही कारणही नाही. त्यामुळे शेवटचा ‘र’ हा शेतातल्या शब्दाचा स्वतःचाच बदल मानला पाहिजे. ‘लाङ्गल’मध्ये दोन ल जवळजवळ आले होते, असे दोन सारखे ध्वनी एका शब्दात आले की बोलताना त्यातील एखादा वेगळा होऊ पाहतो. येथे दोन्ही बदलले.

आता बंगालीशी तुलना करा. बंगालीतील शेताच्या शब्दात शेवटचा ल टिकून राहिला, तो ‘लाङल’ झाला. म्हणून ‘नोङर’ त्याच्याजवळ आला तरी दोघे वेगळेच राहिले. ओडियातही शेतातला शब्द ‘लङ्गळ’ असा आहे, त्यामुळे तेथेही गोंधळ झाला नाही. हिंदीने आणि गुजरातीने शेतासाठी ‘हल’ घेतला, म्हणून तेथे प्रश्नच आला नाही. मराठीत मात्र शेतातला शब्द आधीच र-कारान्त होऊन बसला होता आणि त्याच वेळी मराठीला लांबलचक किनारा आणि फारसीचा दीर्घ सहवास लाभला. त्यामुळे ‘लंगर’ आला तेव्हा त्याला जवळचे ओळखीचे रूप तयारच मिळाले. ‘लंगर’मधील पहिला स्वर ऱ्हस्व आहे, मराठीत तो दीर्घ झाला, हेही शेतातल्या शब्दाने ओढून घेतल्याचेच लक्षण आहे. म्हणजे शेतातल्या शब्दाने समुद्रातल्या शब्दाला आपल्यासारखे करून घेतले. खाडीकाठ यांनी सुचवले त्याच्या अगदी उलट दिशेने.


मृद्गंध (धागाकर्ता)

हा युक्तिवाद मला पूर्णपणे पटतो. त्याला वस्तूंच्या आकाराचाही आधार मिळाला असावा. जुन्या काळी जहाजांना दगडी नांगर असत; द्वारकेजवळच्या समुद्रात भोके पाडलेले असे दगडी नांगर मोठ्या संख्येने सापडले आहेत. त्या दगडांत आणि शेतातल्या नांगरात काहीच साम्य नाही. वाकडी लोखंडी टोके असलेला आणि तळाशी रुतणारा नांगर पाहिल्यावर मात्र शेतकरी घरातल्या खलाशाला फाळाची आठवण होणे स्वाभाविक आहे. उच्चाराने दोन शब्द जवळ आणले आणि आकाराने ती जवळीक पक्की केली.


जुनापुराणा

मूळ ‘लाङ्गल’ हा शब्द तरी संस्कृतचा स्वतःचा आहे का, यावर कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. संस्कृतात त्याची धातूपासून समाधानकारक फोड होत नाही आणि हा शब्द येथल्या आधीच्या शेतकरी समाजांकडून घेतलेला असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. कन्नडमध्ये नांगराला ‘नेगिलु’, तेलुगूत ‘नागलि’ आणि तमिळमध्ये ‘नाञ्जिल्’ म्हणतात. कन्याकुमारीच्या परिसरातील नांजिलनाडूचे नाव याच शब्दावरून सांगितले जाते. दुसरीकडे संथाळीत ‘नाहेल’ आहे, कंबोडियाच्या ख्मेर भाषेत ‘नेआंगकोल’ आणि मलयमध्ये ‘तेंग्गाला’. कंबोडियात राजाच्या वतीने दरवर्षी नांगरणीचा समारंभ होतो, त्याच्या नावातही हा ‘नेआंगकोल’ शब्द आहे.

ज्याँ प्रझिलुस्की या फ्रेंच अभ्यासकाने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात ‘लाङ्गल’ची सांगड ‘लाङ्गूल’ म्हणजे शेपूट या शब्दाशी घातली आणि दोन्हींचे मूळ ऑस्ट्रोएशियाई भाषांत, म्हणजे संथाळी आणि ख्मेर ज्यात येतात त्या भाषाकुलात, असल्याचे मांडले. मराठीत ‘लांगूलचालन’ हा शब्द आपण वापरतो त्यातील हे लांगूल. द्राविडी मूळ मानणारेही आहेत. मला ऑस्ट्रोएशियाई बाजू अधिक बळकट वाटते, कारण एकच शब्द पूर्व भारतातील संथाळीपासून मेकाँगच्या खोऱ्यापर्यंत पसरलेला दिसतो आणि तेथे भातशेतीची परंपराही तितकीच खोल आहे. संस्कृतातून बलरामाच्या कथेबरोबर हा शब्द पुन्हा पूर्वेला गेला, तो निराळा प्रवास. बलरामाला लांगली आणि हलधर म्हणतात. इंडोनेशियात त्याच्या आयुधाचे नाव ‘नंगगाला’ आहे. एप्रिल २०२१ मध्ये ५३ जणांसह समुद्रात बुडालेल्या इंडोनेशियाच्या पाणबुडीचे नाव हेच होते.

वस्तू मात्र या सगळ्या शब्दांहून जुनी आहे. राजस्थानातील कालीबंगा येथे आरंभीच्या हडप्पा काळातील नांगरलेले शेत सापडले आहे, त्यातील तास एकमेकांना काटकोनात छेदणारे आहेत. हरियाणातील बनावली येथे नांगराची मातीची प्रतिकृती मिळाली आहे. लाकूड टिकत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष नांगर हाती लागत नाही. तासांच्या खुणा मात्र मातीने जपून ठेवल्या.


वाटसरू

या चर्चेत ‘गाढवाचा नांगर फिरवणे’ हा वाक्प्रचार यायला हवा. एखादे ठिकाण समूळ उद्ध्वस्त करणे, तेथे पुन्हा वस्ती होऊ नये असे करणे, हा त्याचा अर्थ. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळून तेथे गाढवाचा नांगर फिरवला आणि पुढे जिजाबाई व बाल शिवाजी पुण्यात आल्यावर सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवून ती भूमी पुन्हा शुभ केली, असे परंपरा सांगते. हा वाक्प्रचार त्या प्रसंगातून जन्माला आला, असे पुष्कळांना वाटते. तो त्याहून जुना आहे का?


जुनापुराणा

निश्चितच जुना आहे, आणि त्याचा पुरावा दगडावर कोरलेला आहे. भुवनेश्वरजवळ उदयगिरीच्या टेकडीवर हाथीगुंफा येथे कलिंगाचा राजा खारवेल याचा शिलालेख आहे. त्याचा काळ इसवी सनापूर्वीचे दुसरे किंवा पहिले शतक मानतात. त्यात या राजाने पिथुंड नावाचे नगर ‘गदभनंगलेन कासयति’ म्हणजे गाढवाच्या नांगराने नांगरून टाकले, असा उल्लेख आहे. म्हणजे पुण्याच्या प्रसंगाच्या सुमारे १७०० वर्षे आधी, पूर्व किनाऱ्यावर, शत्रूच्या नगराची हीच विटंबना हेच शब्द वापरून नोंदवली गेली होती. ‘गदभ’ म्हणजे गाढव, ‘नंगल’ म्हणजे नांगर. मराठी माणसाला हा मजकूर जवळजवळ भाषांतराशिवाय कळतो.

यामागची कल्पना समजून घेण्यासारखी आहे. बैलांनी नांगरलेली जमीन पिकते, म्हणून नवे नगर वसवताना बैलांचा नांगर फिरवणे शुभ मानले जाई. गाढव जुंपले की तीच क्रिया उलटी होते आणि ती जमीन वस्तीतून आणि पिकातून बाद झाल्याचे जाहीर होते.


औतवाला

बैलांच्या कष्टाला किती मान होता, हे ऋषिपंचमीच्या प्रथेतही दिसते. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे अन्न खायचे नाही, असा नेम असतो. म्हणून नांगरट न करता आलेली भाजी आणि आपोआप उगवणारा देवभात वापरतात.

लोखंडी नांगराचाही उल्लेख करतो, कारण त्याने नांगराच्या अवयवांची नावेच बदलून टाकली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडामुळे जमीन नासेल या भीतीने शेतकरी तो घेण्यास तयार नव्हते. १९१० मध्ये किर्लोस्करवाडीला कारखाना उभा राहिला आणि पुढे हा नांगर घरोघरी गेला. लाकडी नांगर माती फाडतो, पण उलटत नाही. लोखंडी नांगराच्या वळलेल्या पंखामुळे मातीची वडी उलटी होऊन खालचा थर वर येतो. इसाडाच्या जागी साखळी आली आणि खोड व रुमणे एकाच ओतीव सांगाड्यात गेले. ट्रॅक्टर आल्यावर जू, शिवळा आणि जोतेही गेले. फाळ आणि तास हे दोन शब्द मात्र ट्रॅक्टरवाल्याच्याही तोंडी आहेत: ‘दोन फाळी नांगर’ किंवा ‘पलटी नांगर’ असेच म्हणतात.


खाडीकाठ

भाषावेल यांच्या उत्तराने माझ्या शंकेचे निरसन झाले. एकच विचारतो: ‘जहाज नांगरणे’ हे क्रियापद मग कोठून आले? फारसीत तर ‘लंगर टाकणे’ अशा अर्थाचाच प्रयोग आहे, नामावरून सरळ क्रियापद केलेले नाही.


भाषावेल

बरोबर आहे, हिंदीतही ‘लंगर डालना’ असेच म्हणतात. नुसते ‘नांगरणे’ हे मराठीने केले, आणि ते शेतातल्या क्रियापदाच्या तयार साच्यावर केले. ‘शेत नांगरले’ हे रूप रोजच्या वापरात असल्यामुळे ‘गलबत नांगरले’ म्हणायला मराठी भाषकाला काही नवीन करावे लागले नाही. अर्थाने मात्र दोन्ही क्रियापदे अजूनही वेगळी आहेत. शेत नांगरताना शेतावर नांगर चालतो. गलबत नांगरताना गलबतावर काहीच चालत नाही, ते नांगराच्या आधाराने थांबते. म्हणून शेताचा नांगर आपण धरतो, हाकतो, चालवतो आणि फिरवतो. जहाजाचा टाकतो आणि उचलतो. यांपैकी एकही क्रियापद दुसऱ्या नांगराला चालत नाही. कोशात ‘नांगर’ या शब्दाला एकाच नोंदीत दोन अर्थ न देता दोन स्वतंत्र नोंदी द्याव्यात, असे मी म्हणेन, आणि त्याला हा क्रियापदांचा भेदही पुरेसा आधार आहे.